फोन ओव्हनमध्ये आहे

रविवारी तुम्ही दोघांनी बाबाकडे माझी तक्रार केलीत, असं कळलं. तुम्ही झोपायच्या आधी मला फोन करता, तेव्हा इथे नागपुरात सकाळ असते आणि आजी नेमकी त्याच वेळी फोन उचलत नाही. तुमच्या आईला काळजी वाटली. बाबा मात्र हसला, "आजीचा फोन ओव्हनमध्ये असेल," म्हणाला आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला निघून गेला. माझ्याकडे ओव्हन नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून हे लिहायला बसले. ओव्हन कोणाचा होता ते सांगायचं तर एका बाईंची ओळख करून द्यायला हवी. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा बाबाकडून वाचून घ्या. वाचता वाचता तो पान उलटायची घाई करू लागला तर त्याला थांबवा. तिथे त्याच्याबद्दलच काहीतरी असेल.

या बाईंची बेकरी होती. कॅल्गरीच्या दक्षिणेला जिथे डोंगर सुरू होतात, तिथल्या एका लहान गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तुम्ही लगेच कॉम्प्युटरवर शोधाल आणि हे वाचायचं राहून जाईल. बाई स्वीडनच्या. लग्न होऊन तिकडे आलेल्या. उंच, हाडापेराने भक्कम, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, आणि पायात लाकडी तळव्यांच्या चपला. त्या चालल्या की खडावा घालून कोणी महाराज येत आहेत असं वाटायचं. एप्रनला इस्त्री असायची. पिठात दिवस काढणाऱ्या बाईच्या एप्रनला इस्त्री, हे पाहूनच माझं त्यांच्याबद्दल चांगलं मत झालं होतं.

त्यांच्या दुकानाचा एक नियम होता. दुपारी तीन वाजले की त्या दाराला आतून कडी लावायच्या आणि साडेतीनला काढायच्या. या अर्ध्या तासात विक्री बंद. जे आत असतील त्यांनी बसून कॉफी प्यायची, जे बाहेर असतील त्यांनी बाहेर थांबायचं. काचेतून कोणी कितीही खुणा केल्या तरी बाई त्यांच्याकडे पाहून फक्त मान हलवायच्या, अगदी प्रेमाने. कॉफीच्या या सुट्टीला स्वीडनमध्ये 'फीका' म्हणतात. नाव आपल्याला पाणचट वाटेल, पण त्यांची कॉफी इतकी कडक असायची की पहिल्या दिवशी मला सासरे आठवले.

आत आलेल्या माणसाने एकट्याने बसायचं नाही, हा दुसरा नियम. त्या खांद्याला धरून तुम्हाला कोणाच्या तरी समोर बसवायच्या. तिसरा नियम म्हणजे दुकानात कागदी पेला नाही. एकदा एक सूटबूटवाला माणूस गाडी चालू ठेवूनच आत आला आणि पाव कागदात बांधून द्या, वाटेत खाईन, म्हणाला. बाईंनी त्याला नीट पाहिलं आणि विचारलं, "उभ्यानं घोडे खातात. तुम्ही घोडा बाहेर बांधलाय का?" तो बिचारा बसला. मग त्याने तीन पाव खाल्ले.

चौथा नियम फोनचा. भिंतीत एक जुना विटांचा ओव्हन होता, काळ्या लोखंडी दाराचा. तो कधीच पेटवत नसत. रोजचं काम मागच्या खोलीतल्या विजेच्या ओव्हनवर चालायचं. तीनला कडी लागली की बाई पत्र्याचा एक ट्रे सगळ्यांपुढून फिरवायच्या. त्यात फोन ठेवायचे आणि ट्रे त्या थंड ओव्हनमध्ये जायचा. आतून एखादा फोन वाजला की ज्याचा असेल तो चुळबुळायचा. मग बाई म्हणायच्या, "भाजू दे."

आता मी तिथे कशी पोचले ते सांगते. तुमचे आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी बाबाने मला सहा महिन्यांसाठी कॅल्गरीला नेलं. थोरली, तू तेव्हा डे-केअरला जायचीस. धाकट्याचा अजून पत्ता नव्हता. सकाळी तुम्ही सगळे निघून गेलात की त्या घरात फक्त घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा आवाज. मी मसाल्याच्या बरण्यांना लेबलं लावली, बेसमेंटमधली खोकी आवरली, तुमच्या आईची कपाटंही आवरली. दुसऱ्याच दिवशी तिने कुठूनसं बसचं वेळापत्रक आणून माझ्या हातात दिलं. तिला माहीत होतं की मी शाळेत इतकी वर्षं वेळापत्रक आखलं आहे, आणि असा कागद हातात आला की मी त्यात बुडून जाते. त्यात मला एक बस सापडली. सकाळी डोंगराच्या दिशेने जाणारी आणि त्याच संध्याकाळी परत आणणारी. मी जाहीर केलं की दर गुरुवारी मी एकटी फिरायला जाणार. बाबाला ते आवडलं नाही. तुमची आई मात्र मला डेपोवर सोडायला तयार झाली.

पहिल्या गुरुवारी मी त्या गावची लायब्ररी पाहिली, नदीवरचा पूल पाहिला आणि परतीच्या बसला बराच वेळ होता म्हणून रस्त्याने चालत होते. एका दारातून वेलदोड्याचा वास आला. परदेशात, डिझेलच्या ट्रकांच्या रस्त्यावर, वेलदोडा. मी आत शिरले आणि माझ्या पाठीमागे कडी लागली.

बाईंनी मला एका वृद्ध गृहस्थांसमोर बसवलं. ते गावातले जनावरांचे निवृत्त डॉक्टर. त्यांच्या कानाला यंत्र होतं आणि ते त्यांना हवं तेव्हाच चालायचं. माझा फोन ट्रेमध्ये गेला. कॉफी आली. मग बाई एक मोठी बशी घेऊन आल्या. तिच्यावर सात तऱ्हांची बिस्किटं आणि मध्ये वेलदोड्याचे ते पाव, वेणीसारखे पीळ घातलेले. सातच तऱ्हा का, तर त्यांच्या आईच्या घरी सातापेक्षा कमी केल्या तर कंजूषपणा आणि जास्त केल्या तर दिमाख, असं मानत. मला भूक लागली होती. बाईंनी बशी पुढे केली आणि मी हसून म्हटलं, "नको, नको."

बशी गेली.

तुम्ही तिकडे वाढलात म्हणून समजावून सांगते. आपल्याकडे पहिलं 'नको' म्हणजे नुसती प्रस्तावना. माझ्या सासरी पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा पाहुणा आठवडाभर चर्चेत राहायचा. मी बाईंच्या दुसऱ्या फेरीची वाट पाहत राहिले. त्या सगळ्या टेबलांवर गेल्या. डॉक्टरांनी दोन पाव घेतले आणि माझ्यासमोर बोटं चाटून खाल्ले. अर्ध्या तासाने कडी निघाली. मी बाईंचे आभार मानले आणि बसमध्ये बसून डब्यातला पोळीचा लाडू खाल्ला.

पुढच्या गुरुवारी बशी टेबलावर टेकायच्या आतच मी हो म्हटलं. इतक्या मोठ्याने की डॉक्टरांनी कानातलं यंत्र नीट केलं.

नंतर मी दर गुरुवारी जाऊ लागले. बाई जास्त बोलायच्या नाहीत. त्यांचं इंग्रजी मोजकं होतं आणि त्या प्रत्येक शब्द पारखून ठेवायच्या. पण स्वतःची कॉफी घेऊन त्या माझ्या टेबलाशी बसू लागल्या, आणि तिथे मी एक गोष्ट पाहिली. त्यांनी खडीसाखरेएवढा साखरेचा खडा दातात धरला, कपातली कॉफी बशीत ओतली आणि बशी दोन्ही हातांनी उचलून सुर्र करून प्यायल्या. मी मिशनच्या शाळेत शिकलेली. बशीतून पिणं हे आमच्या सिस्टरांच्या मते चोरीच्या खालोखाल होतं. माझ्या सासूबाई मात्र चहा बशीतूनच प्यायच्या. तुमचा बाबा त्यांच्या मांडीवर बसून तेच शिकला आणि मी ती सवय मोडायला त्याच्या पहिलीचं अख्खं वर्ष घालवलं. आता इस्त्रीचा एप्रन घातलेली गोरी बाई माझ्यासमोर सुर्र करत होती. त्यांनी माझ्या कपाखालच्या बशीकडे पाहिलं. मी आजूबाजूला पाहिलं आणि ओतली. कॉफी लवकर निवते आणि तिचा वासही जास्त येतो. हे मला साठी उलटल्यावर कळलं.

दिवाळी आली तेव्हा मी शंकरपाळे केले आणि डबा भरून बाईंकडे नेला. त्यांनी एक उचलला, मोडून पाहिला, खाल्ला. त्यांच्याकडेही नाताळात असंच तळतात, फक्त पीळ घालून, म्हणाल्या. मग त्या बशीपाशी गेल्या आणि विचार करत उभ्या राहिल्या. सात तऱ्हा आधीच होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी बदामाची बिस्किटं बशीतून काढून डब्यात ठेवली आणि तिथे माझे शंकरपाळे मांडले. डॉक्टर मला हळूच म्हणाले, की ती बदामाची बिस्किटं त्यांच्या आठवणीत कधी हललेली नाहीत.

मला भरून आलं आणि भरून आलं की मी वाढते. बाईंच्या पुढ्यात मी शंकरपाळे ठेवले. त्या नको म्हणाल्या. मी आणखी ठेवले. त्या पुन्हा नको म्हणाल्या. मी मूठभर ठेवले.

"मी नको म्हटलं," बाई म्हणाल्या. त्या खरंच गोंधळल्या होत्या.

मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडे या नकोला काही किंमत नसते.

"मग किती वेळा म्हणायचं?"

"तीनदा. आणि तिसऱ्यांदासुद्धा आम्ही तोंडाकडे पाहून ठरवतो."

त्यांनी पुढ्यातल्या शंकरपाळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, "म्हणजे पहिल्या दिवशी तुला भूक होती?" मी हो म्हटलं. बाई हसायला लागल्या. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांचे खांदे हलायचे आणि आवाज अजिबात यायचा नाही. डॉक्टरांना वाटलं त्यांना ठसका लागला, म्हणून ते पाणी आणायला उठले.

कडी का लावता, हे मी बाईंना कधी विचारलं नाही. डॉक्टरांनीच एकदा सांगितलं. दुकान बाईंच्या नवऱ्याचं होतं आणि तो विटांचा ओव्हनही. माणूस मोठा कष्टाळू. त्याने जन्मभर त्या ओव्हनपाशी उभ्यानेच कॉफी घेतली आणि एक दिवस तिथेच उभ्याउभ्या कोसळला. त्यानंतर तो ओव्हन पेटला नाही, आणि तीनला कडी लागू लागली. एवढं सांगून डॉक्टरांनी कानातलं यंत्र बंद केलं.

तुम्हाला भेटायला मी काही वर्षांनी पुन्हा आले, तेव्हा बाई दुकान विकून समुद्राकाठी बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. बेकरीच्या जागी हार्डवेअरचं दुकान झालं आहे. ओव्हन भिंतीतून निघेना, म्हणून तो तसाच आहे. त्यात बर्फाची फावडी ठेवतात. मी दार उघडून आत हात घालून पाहिला.

आता बाबाचा भाग.

नोव्हेंबर लागला आणि बाबाने माझ्या गुरुवारांवर एक अट घातली. तीनला त्याची मीटिंग संपते, तेव्हा माझा फोन आला पाहिजे. "आई, हायवेवर आइस असतो. मला तुझा आवाज ऐकू आला पाहिजे, तीन म्हणजे तीन. एक दिवस जरी चुकलं तरी हे गुरुवार बंद."

मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, साडेतीन. मी बाबाला सांगितलं. तो म्हणाला, साडेतीनला दुसरी मीटिंग असते, तीन. मी इतक्या वर्षांत शिक्षकांच्या तासांची कितीतरी भांडणं सोडवली, पण ही दोन माणसं एका रकान्यात बसेनात. आणि मला तर ते गुरुवार हवे होते. त्या सहा महिन्यांत तो एकच दिवस असा होता की ज्या दिवशी मी कोणाची आई, सासू किंवा कोणाची विधवा नव्हते. तिकीट काढून बसमध्ये बसलेली एक बाई होते.

त्या गुरुवारी बर्फ पडत होता. मी तीनच्या आधीच बाबाला फोन लावला. उचलला गेला नाही, म्हणून निरोप ठेवला की मी सुखरूप आहे. काम झालं असं समजून मी फोन ट्रेमध्ये ठेवला. तुमचा बाबा व्हॉइसमेल कधीच ऐकत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तीन वाजले आणि ओव्हनमधून कुत्रा भुंकायला लागला. थोरली, माझ्या फोनवर कुत्र्याचा आवाज तूच लावून दिला होतास. डॉक्टर ताडकन उठले. जनावराचा आवाज त्यांना यंत्राशिवाय ऐकू यायचा. कुत्रा थांबला, पुन्हा भुंकला, पुन्हा थांबला. मी बाईंना म्हटलं, माझा मुलगा आहे.

बाई म्हणाल्या, "साडेतीनलाही तो तुझा मुलगाच असेल."

कडी निघाल्यावर मी फोन केला, तर बाबा उचलेना. तुमच्या आईला लावला. ती म्हणाली, तो ऑफिसमधून केव्हाच निघालाय, तिकडेच येतोय, आणि मी कुठे आहे, बरी आहे ना, एवढं विचारून ती रडायला लागली. बेकरीत आहे असं तिला सांगून मी दुकानातच थांबले. बाईंनी मला बटाटे सोलायला दिले. बेकरीत बटाटे कशाला लागत होते कोण जाणे. पण सोलले.

बाहेर अंधारून यायला लागलं तेव्हा बाबा आत आला. डोक्यावर बर्फ, कोटाची बटणं चुकलेली. त्याने मला आधी डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"फोन का नाही उचललास?"

"ओव्हनमध्ये होता."

"काय?"

मी काळ्या दाराकडे बोट दाखवलं. त्याने तिकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, बटाट्यांकडे पाहिलं. "चल. गाडी चालू ठेवलीये. आणि आई, हे गुरुवार आता बंद."

बाईंना मराठी येत नव्हतं. पण त्या काउंटरमागून आल्या, बाबाच्या पाठीमागे जाऊन त्यांनी दाराला कडी लावली. मग काचेबाहेर घुरघुरत असलेली बाबाची गाडी बंद करायला डॉक्टरांना मागच्या दाराने पाठवलं. मग स्टूल ओढून त्यावर चढल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे फिरवून तीनवर आणले. खाली उतरून त्यांनी बाबापुढे ट्रे धरला.

"तीन वाजले," त्या म्हणाल्या.

बाबाने आपलं मनगटी घड्याळ दाखवलं. पाच व्हायला आले होते.

"बाहेर पाच," बाई म्हणाल्या. "आत तीन."

तुमचा बाबा कॅल्गरीत मोठ्या साहेबांशी भांडतो, पण लाकडी चपलांतल्या त्या बाईंपुढे त्याने गुपचूप फोन ट्रेमध्ये ठेवला. बाईंनी त्याला खांद्याला धरून माझ्यासमोर बसवलं. कॉफी आली. बशी आली. बाबा म्हणाला, "नको, थँक यू."

मला वाटलं, गेली बशी. पण बाई हलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहून एक बोट वर केलं. बशी पुन्हा पुढे केली. बाबा पुन्हा नको म्हणाला. दोन बोटं. तिसऱ्यांदा त्या बशी न हलवता त्याच्या तोंडाकडेच पाहत उभ्या राहिल्या. त्याने पाव घेतला. मग शंकरपाळा दिसला, तो घेतला, आणि चावता चावता माझ्याकडे पाहिलं, कारण तो घरचा होता.

त्याने आणखी एक उचलला. मग तो कपाकडे पाहत म्हणाला, "बाबा गेले त्या दिवशी मी घरी किती वेळ फोन लावत होतो, तुला माहीत आहे? नुसती रिंग वाजत होती."

मला माहीत नव्हतं. तुमचे आजोबा गेले त्या दिवशी आम्ही सगळे हॉस्पिटलात होतो आणि घराला कुलूप होतं. इतक्या दिवसांत त्याने ते मला सांगितलं नव्हतं.

"अरे, आज मी नुसती कॉफी पीत होते रे," मी म्हटलं.

"रिंगवरून कसं कळणार, आई?"

मी त्याच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात ओव्हनमधून त्याचा फोन वाजायला लागला. ऑफिसचा असणार. तो अर्धा उठला. बाई काउंटरपाशी होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. म्हणून मीच म्हटलं, "भाजू दे."

तो पुन्हा बसला. फोन वाजून वाजून थांबला. मग तुमच्या बाबाने, काही विचार न करता, कप उचलून कॉफी बशीत ओतली आणि आपल्या आजीसारखा सुर्र करून प्यायला. पहिलीचं माझं अख्खं वर्ष पाण्यात गेलं. मी माझीही कॉफी बशीत ओतली.

"साडेतीनला करशील फोन?" त्याने विचारलं.

"करीन."

"आणि तुझी मीटिंग?" हे मी विचारलं.

"मीटिंग हलवता येते," तो म्हणाला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

बाईंनी कडी काढली, स्टूलवर चढून काटे होते तिथे आणले आणि बाबाला फोन परत दिला. आम्ही बाहेर आलो. बाबाने माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं. मी पर्समधून परतीचं तिकीट काढून त्याला दाखवलं. गुरुवार चालू राहणार असतील तर ते आजपासूनच, असं मी त्याला सांगितलं. मग त्याने गाडीचं दार लावलं, माझी पिशवी उचलली आणि मला बसपर्यंत पोचवलं.

तेव्हापासून मी माझ्या चहाचा अर्धा तास पाळते. बाईंचा दुपारचा होता, माझा सकाळचा आहे. घड्याळाचे काटे आपले असतात, हे त्यांच्याकडूनच शिकले. त्या वेळात फोन पोळ्यांच्या डब्यात असतो आणि समोर शेजारच्या काकू असतात. तुम्ही अर्ध्या तासाने फोन करा. मी नक्की उचलीन, हे बाबाला विचारून खात्री करून घ्या.

त्या संध्याकाळी बसमध्ये पाचसहाच जण होतो. बर्फ थांबला होता. गाव मागे पडलं तशी मी खिडकीशी डोकं टेकून डोळे मिटले. बऱ्याच वेळाने ड्रायव्हरने आरशातून मला विचारलं, की मागची गाडी ओळखीची आहे का. गाव सोडल्यापासून मागेच आहे, रस्ता मोकळा असूनही पुढे जात नाही.

मी वळून पाहिलं. दोन दिवे आमच्या मागोमाग नीट अंतर राखून येत होते.

"माझा मुलगा आहे," मी म्हटलं. "सांभाळून घ्या. तो पहिल्यांदाच एकटा प्रवास करतोय."